चर्चच्या मंडळींचे आभार कसे मानायचे?

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार मंडळी,
आपल्या मराठी मंडळातल्या एका सभासद ताईंची स्तनाच्या कर्करोगावरची किमो संपली. पहिले ४ डोस दोन-दोन आठवड्यांनी, नंतरचे १२ दर आठवड्याला, असे एकूण २० आठवडे. एवढे दिवस आठवड्यातून तीनदा जेवण आणि प्रत्येक डोसला गाडी, हे त्यांच्या घराजवळच्या मेथडिस्ट चर्चने सांभाळलं. हे कुटुंब त्या चर्चचं सभासद नाही, "व्हाल का?" असंही कुणी विचारलं नाही. मंडळातर्फे मनापासून आभार मानायचे आहेत. शाल-श्रीफळ सुचलंय, आणखी काही सुचवा. (ताईंना विचारूनच लिहितोय. नाव मुद्दाम घातलेलं नाही, कृपया उत्तरातही घालू नका.)

प्रेषक: चर्चशी समन्वय पाहणारी सभासद

शाल एकाच खांद्यावर पडेल, कामं पंचवीसेक जणांनी वाटून घेतली होती. त्यापेक्षा पत्र द्या, आणि त्यात नुसतं "मदतीबद्दल धन्यवाद" नको. काय काय केलं ते लिहा.

म्हणजे असं: पहिल्याच दिवशी त्यांनी घरच्यांना "काय खात नाही?" हे एकदाच विचारलं आणि कागद करून सगळ्यांना वाटला. "शाकाहारी" एवढं लिहून भागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इथे अमेरिकेत भाज्यांच्या डबाबंद सूपमध्ये कोंबडीचं पाणी निघतं, बीन्समध्ये डुकराची चरबी, वूस्टरशायर सॉसमध्ये मासे, मार्शमेलोत जनावरांच्या हाडा-कातड्यांपासूनचं जिलेटिन. प्रत्येकाने डबा वाचून विकत घेतला. जेवण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारीच. रोज आलं की फ्रिज भरतो आणि टाकताना घरच्यांना अपराधी वाटतं. दाराबाहेर बर्फाच्या पिशव्या घातलेला कूलर, चार ते सहा या वेळात त्यात ठेवायचं, बेल वाजवायची नाही. भांडी परत मागायची नाहीत. आठवड्याच्या डोसांत ताईंची बोटं बधिर झाली, घट्ट झाकणं उघडेनात. कुणीतरी ते ओळखलं आणि पुढच्या खेपेपासून पुठ्ठ्याच्या झाकणाचे फॉइलचे डबे आले. मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट.

ही शिस्त त्यांच्याकडे फार जुनी आहे. बायबलमधल्या "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात हयगय होते अशी तक्रार येते, आणि त्या कामावर सात माणसं नेमली जातात.

प्रेषक: सभासद, ऑन्कॉलॉजी (कर्करोग विभाग) नर्स

उद्या आपल्यातल्या कुणावर वेळ आली तर आपणही असंच उभं राहावं, म्हणून थोडं लिहिते. पहिल्या चारांपैकी प्रत्येक डोसानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत मळमळ जास्त. तेव्हा फोडणीचा वासही सोसत नाही. गार किंवा कोमट दहीभात, मुगाची मऊ खिचडी द्या. तोंड आलं असेल तर मिरची, चिंच, लिंबू बंद. तोंडाला धातूची चव येत असेल तर प्लॅस्टिकचा चमचा ठेवा. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत सगळ्यात खाली असतात. तेव्हा मोड आलेली कच्ची कडधान्यं नकोत, न धुतलेली कोथिंबीर वरून भुरभुरू नका. भात शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. बाहेर राहिला तर त्यातले जंतू जे विष करतात ते पुन्हा गरम करूनही जात नाही. आपल्याकडे मोठ्या पातेल्यातला भात तसाच ओट्यावर राहतो, म्हणून सांगते: उथळ ताटात पसरून निववा.

गाडी नेणाऱ्याला सर्दी असेल तर दुसऱ्याला पाठवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की लगेच, रात्री दोन वाजले तरी, ऑन्कॉलॉजीच्या नंबरवर फोन. त्याआधी तापाची गोळी देऊ नका, ताप झाकला जातो.

प्रेषक: अन्नसमिती

पत्रासोबत रविवारच्या उपासनेनंतर त्यांच्या हॉलमध्ये आपण जेवण देऊ. ८० जणांसाठी बटाट्याची सुकी भाजी (१० किलो बटाटे), पाव, आणि ३ किलो रव्याचा शिरा. पुऱ्या नकोत, डब्यात तासाभरात मऊ पडतात. शेंगदाणे आणि काजू कशातच नाहीत. ॲलर्जी असलेलं एखादं मूल असणारच. शिऱ्यावर "दूध, तूप, गहू" अशी पाटी. भाजी १४० फॅरनहाइटच्या खाली जाऊ द्यायची नाही, तेव्हा बर्नरची ट्रे आपणच नेऊ.

एक विनंती: शिऱ्याचा नैवेद्य दाखवून नेऊ नका. दुसऱ्या देवाला दाखवलेलं खावं की नाही, हा प्रश्न बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रापासूनचा आहे. काही जण खातील, काही नाही. आभार मानायला गेलेल्यांनी यजमानांना अशा पेचात टाकू नये.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

पैसे द्यायचे असतील तर कुणा एका व्यक्तीला नकोत. चेक चर्चच्या नावे काढा आणि गरजूंच्या मदतनिधीसाठी असं त्यावर लिहा. पत्रात एक वाक्य माझं घ्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. आपल्यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांची शस्त्रक्रिया तिथे झाली. ते असं लिहा: "आमच्या प्रांताला तुमच्या धर्मबांधवांची शुश्रूषा ठाऊक आहे. इथेही ती दाराबाहेरच्या कूलरमध्ये मिळाली."

प्रेषक: कार्यवाह

वाक्य घेतलं. शाल रद्द. रविवारी साडेनऊला भाजी हॉलमध्ये पोचली पाहिजे. बटाटे सोलायला शनिवारी संध्याकाळी सहा जण हवेत, नावं मला कळवा.