थंडीत पागेची दारं बंद ठेवू नका

पागा चारी बाजूंनी बंद करून घोड्यांना झुली घालाव्यात का, असा प्रश्न आहे. आमच्या घरी शहादा भागात तीन पिढ्या घोड्या आहेत. माझं ठाम मत: वारा अडवा, पण वरची हवा खेळती ठेवा. बंद पागेत मुताचा उग्र वास कोंडतो आणि शिंगरं (घोडीची पिल्लं) खोकायला लागतात. निरोगी घोड्याला थंडीत दाट केस येतात, तीच त्याची झूल. आजारी, म्हाताऱ्या किंवा भादरलेल्या जनावराला मात्र जरूर घाला.

ऊब वैरणीतून येते. कडबा, गवत आतड्यात आंबताना उष्णता तयार होते, म्हणून चंदीपेक्षा (धान्याच्या खुराकापेक्षा) रात्रीची वैरण वाढवा. पाणी फार महत्त्वाचं. गार पाणी घोडी कमी पिते, वर कोरडा कडबा, मग पोटशूळ ठरलेला. आई पहाटे चुलीवर पाणी तापवून बादल्यांत मिसळते. एका वर्षी आम्ही हे टाळलं आणि एक चांगली घोडी गमावली. ते अजून मनातून जात नाही.

सारंगखेड्याची दत्तजयंतीची, घोडेबाजाराची यात्रा आटोपली की आमच्याकडे विण्याचा हंगाम. गाभण काळ साधारण 11 महिने. सडांवर मेणासारखे थेंब दिसले की वडील पागेतच झोपतात, कारण घोडी बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यायला लागावं, तीन तासांत वार (गर्भासोबतची झिल्ली) पडावी. नाही पडली तर ओढू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.