शाळेतला कचरा: तुमच्याकडे नेमकं काय केल्याने कमी झाला?

स्वच्छता मोहिमेत मैदान लख्ख होतं आणि पुढच्या मधल्या सुट्टीत परत पुड्या उडायला लागतात. म्हणून उचललेल्या कचऱ्याबद्दल नको, मुळात झालाच नाही अशा कचऱ्याचे अनुभव लिहा. शिक्षक, पालक, मुलं, मावशी, सगळ्यांनी.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
आम्ही सातवीच्या मुलांकडून एका दिवसाचा कचरा वर्तमानपत्रावर पसरून वेगळा करून घेतला. कागद, पेन्सिलीची सालं किरकोळ. ढीग होता तो पाच-दहा रुपयांच्या चकचकीत पुड्यांचा. 2018 च्या राज्यातल्या प्लास्टिकबंदीत पिशव्या आणि थर्माकोलची ताटं गेली, या पुड्या राहिल्या. त्यात एकावर एक वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, त्यामुळे भंगारवाला हातही लावत नाही. मुलंच म्हणाली, बाई, हे तर फाटकासमोरच्या टपरीवरचं. मग मुलांना घेऊन टपरीवाल्या काकांकडे गेले. धंदा बुडवायचा नव्हता. आता दर्शनी बाजूला बरण्या आहेत: चिक्की, फुटाणे, बोरं, चिंचेच्या गोळ्या. देतात कागदाच्या पुडीत. वेष्टनं पूर्ण थांबलेली नाहीत, पण मैदानावर फरक डोळ्यांना दिसतो. मला वाटतं, कचरापेट्या वाढवण्याआधी प्रत्येक शाळेने हा ढीग एकदा पसरून बघावा.

पालक, ठाणे
वाढदिवसाला वर्गभर चॉकलेटं वाटणं बंद. त्याऐवजी वर्गाच्या कपाटाला एक गोष्टीचं पुस्तक, आत मुलाचं नाव. लेक पहिल्यांदा हिरमुसली होती. आता आपलं पुस्तक कोण नेतंय यावर तिचं बारीक लक्ष असतं.

पोषण आहार शिजवणारी ताई
खिचडी आधी थोडीच वाढते, हवी तर परत या म्हणते. टाकणं खूप कमी झालं. उरलंसुरलं पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात, वर माती. पाला जाळू मात्र देत नाही, पोरं खोकतात.

नववीतला विद्यार्थी
1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे झेंडे बंद आहेत. कागदी झेंडे जमिनीवर टाकायचे नाहीत असं ध्वजसंहितेत आहे. आम्ही 15 ऑगस्टला फाटकावर उभं राहून ते गोळा करून घेतो.

निवृत्त मुख्याध्यापक
एकच सांगतो. उशिरा आलेल्या पोराला शिक्षा म्हणून अंगण झाडायला लावू नका. झाडू म्हणजे अपमान, हे एकदा त्याच्या मनात बसलं की पुढे कुठलीही पाळी लावा, तो ती टाळतोच. आमच्याकडे पाळी सगळ्यांची असे, माझीसुद्धा.