अनुभव धागा : सायकलच्या हँडलवरची गाणी

सांगलीची हळद
आज सकाळी सिंहगडाच्या घाटात धापा टाकत चढत होते. मागून एक काका आले, हँडलला बाटलीएवढा स्पीकर, त्यावर नाट्यगीत. मला आरामात मागे टाकून गेले. काका वळणाआड गेले तरी गाणं थोडा वेळ मागेच रेंगाळलं, आणि मला एकदम बाबा आठवले.

बाबा हरिपूरहून सांगलीत दुधाचा रतीब घालायचे. कॅरियरला दोन्ही बाजूंना किटल्या, हँडलला चामडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, जुन्या ट्यूबच्या पट्टीने करकचून आवळलेला. सुट्टी असली की मी पुढच्या दांडीवर, बुडाखाली टॉवेल. घड्याळ नव्हतंच. ६.५५ ला संस्कृत बातम्यांचं 'इयं आकाशवाणी' लागेपर्यंत वाटेवरचा बागेतला गणपती मागे पडायला हवा, आणि ७.०५ च्या पुण्याच्या बातम्यांना गणपती पेठेत. नाही पडला तर बाबा उभं राहून पायडल मारायचे.

रस्ता वळला की सांगली केंद्राचा आवाज बसायचा. मिडियम वेव्हच्या रेडिओत फेराइटची कांडी असते, तिचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज पडतो, ती आडवी झाली की खणखणीत. हे मला कॉलेजात कळलं. बाबा मात्र वळण यायच्या आधीच एका हाताने रेडिओ जरासा फिरवून ठेवायचे.

तुमचंही लिहा. आता ब्लूटूथ आलंय, किस्से कमी नसणार.

घाटवेडा
बोपदेव घाट, जुलै, उतार. गतिरोधकाच्या पट्ट्यांवर स्पीकर बाटलीच्या स्टँडमधून उडाला आणि थेट कडेच्या नाल्यात. गाणं बंद. म्हटलं मेला. मित्र म्हणे अरे आयपीएक्स७ आहे, १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. मग गाणं का थांबलं? तर ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शिरतच नाहीत धड, पाणी त्या पिऊन टाकतं. गुडघाभर गढूळ पाण्यात चाचपडून बाहेर काढला तर लगेच बाई बोलली, 'कनेक्टेड'. आणि गाणं अर्ध्या ओळीतून पुढे सुरू!!

पायडलताई
घाटवेडा 😂😂

निवांत पुणेकर
मी अप्रिय बोलणार. पहाटे पाषाण तलावावर पक्षी बघायला जातो. खंड्या समोरच्या फांदीवर, कॅमेरा लावलेला, आणि मागून ढिंगचॅक ढिंगचॅक. खंड्या गेला. स्पीकरवाला दात काढून 'गुड मॉर्निंग सर'. ट्रान्झिस्टरवाल्या बाबांना माफ, बाकी कुणाला नाही.

घाटवेडा
बरोबर आहे काका. पण इअरफोन घातला तर मागचा डंपर ऐकू येत नाही, मी एकदा थोडक्यात वाचलोय. आता फक्त हायवेला लावतो, वस्ती आली की बंद.

निवांत पुणेकर
हायवेला माझी हरकत नाही. तिथे खंड्या नसतो.

पायडलताई
आमचा स्पीकर घरात कॉमन आहे, म्हणजे यांच्या फोनलाही जोडलेला. मी ५० व्या वर्षी सायकल शिकले, धीर यावा म्हणून गाणी लावून सोसायटीतच फेऱ्या मारायचे. एक दिवस माझ्या फोनची बॅटरी संपली. आमच्या बिल्डिंगखालून जाताना स्पीकरने पहिल्या मजल्यावरचा यांचा फोन पकडला. हे तेव्हा नणंदेचा व्हॉइस मेसेज ऐकत होते. विषय मी. बास्केटमधून सगळ्या पार्किंगला ऐकू गेला. वॉचमनने मान खाली घातली. पुढचं लिहीत नाही, कुकर झालाय.

सांगलीची हळद
कुकर बंद करून या आणि पुढचं लिहाच!

रात्रीचा स्वार
३०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलस्वारी. २० तासांत संपवायची, म्हणजे एक रात्र सायकलवरच. पहाटे ३ ला झोप अशी येते की रस्त्यावरचा पांढरा पट्टा हलायला लागतो. जोडीदाराने स्पीकर काढला. त्याच्या फोनला रेंज नाही, डाऊनलोड केलेलं फक्त गणपतीच्या आरत्यांचं एक फोल्डर. ग्लोव्हज ओले, स्क्रीन काही घेईना, त्यामुळे बदलताही येईना. मार्च महिन्यात दीड तास आरत्या. एका गावात कुत्री लागली ती 'घालीन लोटांगण'ला थांबली, आईशप्पथ. दमलीही असतील म्हणा. चहाच्या टपरीवाल्याने मात्र प्रसाद आहे का विचारलं.

भाकरवडी
रात्रीचा स्वार, टायरात हवा किती ठेवता ब्रेव्हेला? माझं २८ मिमी रुंदीचं टायर आहे.

रात्रीचा स्वार
वजनावर आहे. माझं ७२ किलो, मागे ८० पीएसआय, पुढे ७५. पावसात ५ ने कमी.

वाऱ्यावरची वरात
इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला शाळकरी पोरं पुढच्या क्रेटमध्ये भलामोठा पार्टी स्पीकर टाकून घोळक्याने जातात. गाणी ऐकायला बंदी नाही, पण १ जुलै २०१९ पासून चालत्या सायकलवर फोन हातात घेतला की दंड. त्यामुळे नको असलेलं गाणं आलं तरी ऐकायचं किंवा उतरून थांबायचं. मी हौसेने स्पीकर घेतला. समोरून वारा असला की पुलावर फक्त भुर्रर्र. परतताना वारा पाठीवर, तेव्हा तंबोऱ्याची जव्हारीसुद्धा ऐकू येते. म्हणून जाताना काही लावत नाही, येताना भीमपलास.

भाकरवडी
हळदताई, गडावर पिठलं-भाकरी खाल्ली की नाही?

सांगलीची हळद
खाल्ली, आणि मटक्यातलं दहीपण. ते काका तिथेच बसले होते. स्पीकर बंद, ताटाशेजारी उपडा. मी विचारलं गाणं का थांबवलं, तर म्हणाले चार्जिंग उतारासाठी राखून ठेवलंय.

निवांत पुणेकर
सभ्य गृहस्थ. बाबांच्या ट्रान्झिस्टरचं काय झालं?

सांगलीची हळद
आहे अजून, माळ्यावर. सेल पाझरून आतलं सगळं हिरवं झालंय. कव्हरावर ट्यूबच्या पट्टीचा वळ आहे, बोट फिरवलं की लागतो. पायडलताई, कुकर झाला का?

पायडलताई
झाला. नणंद रविवारी जेवायला येतेय. किस्सा सोमवारी.