खटावच्या रानातल्या ताली (दगडी बांध) डीईएमच्या उंची-नकाशात दिसत नाहीत, धूप कशी काढायची?

राम राम मंडळी, जरा मदत पाहिजे. खटाव तालुक्यात येरळेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या पाणलोटाचा मातीच्या धुपीचा नकाशा करतोय, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आरयूएसएलई लावून (म्हणजे पाऊस आर, माती के, उताराची लांबी-चढ एलएस, पिकाचं झाकण सी आणि बांधबंदिस्ती पी यांचा गुणाकार करून धूप काढायचं सूत्र). पावसाला चर्प्सचा डेटा घेतलाय, मातीला सॉइलग्रिड्सचा, उताराला एसआरटीएमचा ३० मीटरचा डीईएम आणि पिकाला सेंटिनेल-२ उपग्रहाचा एनडीव्हीआय (हिरवाईचा आकडा).

नकाशा आला पण पटत नाही. माळाच्या उतरणीला जुन्या दगडी ताली आहेत तिथंच सगळं लालभडक, आणि ओढ्याच्या पात्रात तर हेक्टरी आकडे बघवत नाहीत. प्रत्यक्षात त्या ताली छातीएवढ्या उंच, वरच्या अंगाला माती साठून रान सपाट झालंय, पण दोन-तीन फूट रुंदीची ताल ३० मीटरच्या चौकटीत दिसणार कशी? सॉफ्टवेअरला वाटतं पाणी माळावरनं थेट ओढ्यापर्यंत पळतंय, म्हणून उताराची लांबी फुगते. मग पी फॅक्टर कमी करू का एलएसच तोडू? गूगल अर्थवर बघून हातानं ताली काढत बसायची तयारी आहे, घरचे वेड्यात काढतील तेवढंच.

दुसरं म्हणजे ढग. पावसाळ्यात धड इमेजच मिळत नाही, स्वच्छ मिळते ती डिसेंबरातली, तेव्हा शाळू उभा असतो आणि रान झाकलेलं दिसतं. पण परतीचा पाऊस बडवतो तेव्हा हीच काळी रानं कुळवून उघडी पडलेली असतात की! वर्षाच्या सरासरी एनडीव्हीआयवर सी काढला तर हे सगळं गायबच. कुणी केलंय का आपल्याकडं असं काम?

प्रतिसाद:
दादा, आधी एलएस तोडा. ताली काढून शेतांचे पॉलिगॉन करा, सागा सॉफ्टवेअरमध्ये शेतनिहाय एलएस काढायचं टूल आहे, त्यात पाणी बांधापाशी थांबलं असं धरतात. मग पी मध्ये तालीचा फायदा परत देताना जपून, दुबार होतो. ओढा मास्क करून टाका (हिशोबातनं वगळा), आरयूएसएलई सालकाढी आणि ओघळपाडी धुपीपुरतंच आहे, ताल फुटून पडलेली घळ त्यात येतच नाही. सी आणि आर महिन्यावार गुणून मग बेरीज घ्या, सप्टेंबर-ऑक्टोबरचा घोळ तिथंच सुटेल. ढगातनं सेंटिनेल-१ चं रडार बघतं, पण नांगरटीच्या ढेकळांनी पण सिग्नल बदलतो, नुसत्या त्याच्यावर जाऊ नका.

आणि के कुठल्या युनिटमध्ये आहे? अमेरिकन सूत्रातनं काढला असेल तर ०.१३१७ नं गुणावं लागतं, नाहीतर उत्तर साडेसात पट येतं. के ची रेंज टाका इथं, बघून सांगतो.