मदत हवी आहे: जेआयए (लहान मुलांचा संधिवात), मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन की थेट बायोलॉजिक?

मुलगी 7 वर्षांची, पॉलिआर्टिक्युलर (अनेक सांध्यांचा) जेआयए, रक्ताच्या तपासणीत आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए पॉझिटिव्ह. आम्ही साताऱ्यात, दाखवायला पुण्याला मुलांच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जातो. आठ महिने झाले, दर रविवारी मेथोट्रेक्सेटची गोळी आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. गुडघे बरेच उतरलेत पण मनगटं आणि एक घोटा अजून सुजतो, सकाळी तासभर आखडलेली असते, आणि आता तर रविवार उजाडला की गोळी नुसती बघूनच उलटी होते.

रात्री जेवणानंतर देऊन पाहिली, उलटीचं औषध अर्धा तास आधी देऊन पाहिलं, आंब्याच्या रसातून दिली (आता आंबाही नको म्हणते, झालं!). लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या (एलएफटी, सीबीसी) नॉर्मल, या आजारात डोळ्यांच्या आतही सूज येऊ शकते म्हणून ते दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पवर (डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मशीनवर) तपासतो, तिथे सूज नाही. स्टेरॉइड सुरुवातीला दिलं होतं, आता बंद आहे.

डॉक्टर म्हणतात दोन रस्ते आहेत, हेच औषध इंजेक्शनने द्या किंवा टीबीची तपासणी करून अ‍ॅडालिमुमॅब हे बायोलॉजिक (सूज वाढवणाऱ्या ठरावीक प्रथिनाला अडवणारं इंजेक्शन) सुरू करा, ठरवा तुम्ही. आता आम्ही काय ठरवणार! पुढची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांनी आहे. इन्शुरन्स नाही त्यामुळे खर्च बघावाच लागतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलणार नाही, आणि आयुर्वेद-होमिओपॅथी प्लीज सुचवू नका, घरचे सुचवतातच.

ज्यांच्या मुलांना गोळीवरून इंजेक्शनवर नेलं त्यांनी सांगा, मळमळ खरंच कमी झाली का, सांध्यांना फरक किती दिवसांनी दिसला आणि इंजेक्शन घरीच देता का?