मदत हवी आहे: गाडी बदलायची, पण दोघांचं एकमत होत नाही

नमस्कार. आमची बारा वर्षांची हॅचबॅक आता काढायची आहे. क्लच दोनदा बदलून झाला, आणि मागच्या दाराचं रबर सुटल्यामुळे पावसात लेकीच्या पायाशी पाणी साचतं. ते मला बघवत नाही.

नवऱ्याला डिझेलची सात सीटर हवी आहे. माझं म्हणणं, आमचं रोजचं जाणं-येणं जेमतेम सहा किलोमीटर. एवढ्याशा अंतरात इंजिन नीट तापत नाही आणि डीपीएफमध्ये (डिझेलच्या धुराच्या फिल्टरमध्ये) काजळी साचत जाते; ती जळायला अधूनमधून सलग वेगात गाडी चालवावी लागते. शिवाय तिसरी रांग वापरात घेतली की डिकीत फारसं काही मावत नाही. पण त्याचाही मुद्दा खरा आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आत्ताच्या गाडीत त्यांना दार धरून आधी टेकावं लागतं, मग हाताने एकेक पाय उचलून आत. उंच सीट हवीच.

उंच सीटची पेट्रोल हायब्रिड कुणी वापरतंय का? मागे आयसोफिक्सवर (सीटमध्येच दिलेल्या अडकवायच्या कड्यांवर) चाइल्ड सीट लावली की शेजारी मोठं माणूस नीट बसतं का? टेस्ट ड्राइव्हला सासूबाईंना नेणारच आहोत, तेव्हा आणखी काय तपासून घ्यावं?