रिडेव्हलपमेंटमध्ये कॉर्पस घ्यावा की वाढीव जागा? बाबा 74, पेन्शन 2100

कन्नमवारनगरवाला
नमस्कार मंडळी, विक्रोळीला कन्नमवार नगरात आमची म्हाडाची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये. आईबाबा दोघंच असतात तिथे, मी डोंबिवलीला. बाबा एलबीएस रोडच्या एका कारखान्यात होते, ईपीएस 95 ची पेन्शन येते 2100, पीएफ बहिणीच्या लग्नात आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनात संपला. वरचा खर्च आम्ही दोघं भाऊ बघतो पण बाबांना मागायला जड जातं. आत्ता मेंटेनन्स 900 आहे, पेन्शन काढली की बाबा ते आधी एका पाकिटात वेगळे ठेवतात, वर पेनाने ‘सोसायटी’ लिहिलेलं, तेच पाकीट किती वर्षं वापरताहेत. नवीन टॉवर 22 मजली, कमिटी म्हणते मेंटेनन्स साडेसहा हजारापर्यंत जाईल!
बिल्डरने दोन ऑप्शन दिलेत, 470 फूट कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) आणि 9 लाख कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे, नाहीतर कॉर्पस सोडायचा आणि 510 कार्पेट. धाकटा भाऊ म्हणतो जागा घ्या, जागेचा भाव वाढतच जाणार. बाबा काहीच म्हणत नाहीत, फक्त विचारतात महिन्याला किती भरावे लागतील. काय करावं?

निवृत्त_बँकवाला
कॉर्पस घ्या. भाऊ भावाचं बोलतोय ते चूक नाही, पण वाढलेले 40 फूट काही वेगळे विकता येत नाहीत, पूर्ण घर विकलं तरच त्याचे पैसे दिसणार आणि आईबाबांना तर तिथेच राहायचंय. 9 लाख पोस्टात किंवा बँकेत सिनियर सिटीझन सेव्हिंग स्कीममध्ये टाका, सध्या 8.2 टक्के आहे, दर तीन महिन्यांनी 18,450 खात्यात येतील म्हणजे महिन्याला 6,150 धरा. खातं उघडताना जो रेट असेल तोच 5 वर्षं राहतो. खातं आईबरोबर जॉइंट काढा, कारण बाबांच्या मागे आईला पेन्शन साधारण निम्मीच मिळेल, ही किमान पेन्शन 2014 पासून 1000 वर अडकलीये, साडेसात हजार करा म्हणून म्हातारी माणसं उपोषणाला बसतात, फार वाईट वाटतं बघून. आणि अजून एक, मुंबईत 500 फूट कार्पेटपर्यंतच्या घराला 2022 पासून प्रॉपर्टी टॅक्स माफ आहे, 510 घेतलंत तर तो चालू होईल.

सायली_मुलुंड
काकांशी सहमत. फक्त लहान घर घेतलं म्हणून मेंटेनन्स कमी येईल असं धरू नका, सहकारी सोसायटीत लिफ्ट, वॉचमन, सफाई हे सर्व्हिस चार्जेस सगळ्या फ्लॅटना सारखेच लागतात, फुटावर नाही. कॉर्पस प्रत्येकाला हातात देणार की सोसायटीच्या खात्यात ठेवून व्याजातून मेंटेनन्स कमी करणार हे मीटिंगमध्ये आत्ताच विचारा आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.
मला जास्त काळजी मधल्या काळाची वाटते. आमच्या सासूबाईंच्या बिल्डिंगला बिल्डरने 14 महिने भाडं दिलं मग बंद. 71 व्या वर्षी त्या घर शोधत होत्या, मालक तोंडावर सांगायचे की एकट्या वयस्कर बाईला देत नाही. दर 11 महिन्यांनी घर बदललं, स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते तसेच खोक्यात पडून, म्हणायच्या परत बांधायचेच आहेत तर कशाला सोडू. म्हणून सांगते, प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी बिल्डरकडून घ्यायची असं सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालच्या सरकारी नियमात आहे, ती मिळाल्याशिवाय कोणी घर रिकामं करू नका. आणि भाड्याचं घर शक्यतो विक्रोळीतच बघा, त्यांचा डॉक्टर, भाजीवाला, देऊळ सगळं तिथेच आहे ना.

भाग्यश्री_टी
नवीन घराचं रजिस्ट्रेशन आईबाबांच्याच नावावर होऊ द्या, राग मानू नका. आत्ताच गिफ्ट डीड वगैरे नको. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, मुलाने सांभाळलं नाही तर ट्रिब्युनल गिफ्ट रद्द करू शकतं, पण सांभाळण्याची अट कागदावर नसेल तर म्हाताऱ्या माणसाला सिद्ध करत बसावं लागतं. मृत्युपत्र करून ठेवा तेवढं पुरे.

कन्नमवारनगरवाला
सगळ्यांचे खूप आभार, राग कशाला मानू, बरोबरच आहे. काल घरी जाऊन बाबांना 6150 चा आकडा वहीत लिहून दाखवला. त्यांनी स्वतः खाली 2100 लिहिले, बेरीज केली, त्यातून 6500 वजा केले आणि म्हणाले 1750 उरतात, आत्ता 1200 उरतात. मग आईला हाक मारून तिलाही दाखवलं. भावाशी पण बोललो, कॉर्पसच घेतोय. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, बँक गॅरंटीचं मी उभा राहून विचारणार आहे. 79अ च्या त्या जीआरची कॉपी कोणाकडे असेल तर प्लीज पाठवा, प्रिंट काढून नेतो.